वळचण नसलेले घर

गेल्या आषाढातल्या एका रविवारी आमचे घर पाहायला अकरावे गिऱ्हाईक आले. ठाण्याचे एक तरुण जोडपे, त्यांची शाळकरी मुलगी आणि छत्री सावरत पुढे चालणारा कर्जतचा एजंट. आत पाऊल टाकताच तिघांच्याही माना वर गेल्या. ही मान वर जाण्याची क्रिया आम्ही अठरा वर्षे पाहत आलो आहोत. मुलीने मधोमध उभे राहून स्वतःचे नाव घेतले, ते परत तिच्याकडे आले तेव्हा ती खुदकन हसली. तिची आई म्हणाली, "काकू, किती सुंदर आहे हो तुमचं घर!" पुढची दहा मिनिटे ती घरभर फिरली आणि मग जरा संकोचून तिने विचारले, "कपाट कुठे ठेवता तुम्ही?" तिच्या यजमानांनी भिंतीवर बोटे वाजवून पाहिली आणि वर मजला चढवता येईल का, याची चौकशी केली. चहा झाला, फोटो झाले, आणि मंडळी जी गेली ती गेलीच.

आमच्या घराच्या वाट्याला कौतुक पुष्कळ आले. कौतुक करणाऱ्यांपैकी कोणालाही ते विकत घ्यावेसे वाटले नाही. असे का व्हावे, याचा विचार करण्यात आमचे गेले वर्ष गेले. तो विचार घरापासून सुरू झाला आणि हळूहळू आमच्या जन्मभराच्या व्यवसायापर्यंत, म्हणजे साहित्याच्या अध्यापनापर्यंत येऊन पोहोचला. म्हणून तो येथे मांडत आहोत.

कर्जत स्थानकातून खोपोलीकडे जाणारी गाडी पळसदरी सोडते आणि केळवलीकडे निघते, त्या टापूत कोठेतरी कर्जत तालुका संपतो आणि खालापूर सुरू होतो. आमचे अकरा गुंठे तिथल्या एका टेकाडाच्या उतारावर आहेत. आम्ही उभयतांनी डोंबिवलीहून रोज लोकलने जाऊन महाविद्यालयांत साहित्य शिकवले. निवृत्ती जवळ आली तेव्हा भविष्यनिर्वाह निधीतून ही जागा घेतली आणि २००७ साली तिच्यावर घुमटाकार घर बांधले. घर गोल का, याचे खरे उत्तर थोडे लाजिरवाणे आहे. ते आम्हाला एका पुस्तकाने सुचवले. गास्तों बाशलार या फ्रेंच तत्त्वचिंतकाचे 'द पोएटिक्स ऑफ स्पेस' १९६४ साली इंग्रजीत आले. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ते ग्रंथालयातून आणून आळीपाळीने वाचले. घर, माळा, तळघर, कपाट, घरटे, शिंपला अशा जागांतून माणसाची कल्पनाशक्ती कशी वावरते, याचा तो शोध आहे. त्याचे शेवटचे प्रकरण गोलपणावर आहे. अस्तित्व स्वतःत पूर्ण असते तेव्हा ते गोल भासते, अशा आशयाचे ते विवेचन आम्हाला तेव्हा भारून टाकणारे वाटले. आमचा एक माजी विद्यार्थी वास्तुविशारद झाला होता. त्याच्यापुढे आम्ही ते पुस्तक ठेवले आणि "असे घर पाहिजे," म्हणून सांगितले. त्याने बिचाऱ्याने तसे करून दिले.

सळ्यांचा सांगाडा, त्यावर चिकनजाळीचे थर आणि त्यावर थापलेले सिमेंट असे हे फेरोसिमेंटचे कवच आहे. व्यास २६ फूट, आकार नेमका अर्धगोल. त्यामागचे गणित आमच्या विद्यार्थ्याने पाटीवर काढून दाखवले होते. ८२ फूट परिघात ५३० चौरस फूट जागा मिळते. तेवढ्याच जागेचे चौरस घर करायचे तर ९२ फूट भिंत लागते. म्हणजे सामान कमी, वाऱ्याला अडणारा कोपरा नाही, आणि मधे खांब नाही. हे सगळे खरे होते. त्याने जे सांगितले नाही, किंवा सांगितले असूनही आम्ही ऐकले नाही, तेही त्याच गणितात होते. अर्धगोलाचे पृष्ठफळ त्याखालच्या जमिनीच्या बरोबर दुप्पट असते. म्हणजे ५३० चौरस फुटांच्या घरावर आम्ही १०६० चौरस फुटांचे छप्पर घेतले होते, आणि तेही वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात.

या घराने आम्हाला सुख दिले नाही, असे म्हटले तर तो कृतघ्नपणा होईल. वरच्या गोल झरोक्यातून उतरणारा उन्हाचा कवडसा सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीवरून सरकत जाई, आणि कोणत्या महिन्यात तो कोठे असतो हे आम्हाला पाठ झाले होते. वैशाखात गरम हवा वर जाऊन झरोक्यातून निघून जाई. खाली दोन प्रहरीही बसता येई. सर्वांत अपूर्व होता तो आवाज. विजापूरच्या गोलघुमटाखाली आम्ही सहलीच्या मुलांना घेऊन अनेकदा उभे राहिलो होतो. १६५६ च्या सुमारास पुरी झालेली ती आदिलशाही कबर, बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट, आणि सज्जात एका बाजूला केलेली कुजबूज पलीकडे ऐकू येण्याचा तो चमत्कार. आमच्या २६ फुटांतही तो लहान प्रमाणात घडे. स्वयंपाकाच्या ओट्याशी पुटपुटलेले वाक्य समोरच्या पलंगावर स्पष्ट ऐकू येई. संसाराच्या चाळिसाव्या वर्षी ही गोष्ट किती गैरसोयीची असते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. त्या घरात आम्हाला एकमेकांविषयी मनातल्या मनातच बोलावे लागले. त्यामुळे भांडणे कमी झाली, हेही नमूद करतो.

वाकवलेले छप्पर या भागाला नवे आहे असेही नाही. राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेले तिथले चैत्यगृह कमानदार आहे. वर घाटमाथ्यावर कार्ल्याला तर त्या कमानीखालच्या मूळ लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत. बांबू आणि लाकूड वाकवून केलेल्या छपरांची आठवण त्या कारागिरांनी दगडात उतरवली. आम्ही पाहुण्यांना कोंढाण्याला नेत असू आणि आपल्या घराचे गोत्र किती जुने आहे, हे ऐकवत असू. फरक एवढाच की लेण्याला बाहेरून छप्पर नसते, डोंगर असतो. पावसाचा प्रश्न तिथे डोंगराकडे असतो.

आमच्याकडे तो आमच्याकडेच होता. कोकणातल्या कोणत्याही घराला छपराची एक कड असते. ती भिंतीच्या पुढे दोन-अडीच फूट येते, तिच्यावरून पागोळ्या गळतात, आणि पागोळ्या आणि भिंत यांच्यामध्ये वळचण उरते. तिथे सरपण ठेवतात, चपला काढतात, भिजलेले कुत्रे बसते, दारी आलेला माणूस आत न येता बोलू शकतो. घुमटाला ही कड नसते. छप्पर कोठे संपते आणि भिंत कोठे सुरू होते हे ठरवता येत नाही. म्हणजे सगळे पाणी भिंतीवरूनच जाते, खिडक्यांवरून जाते, दाराच्या चौकटीवरून जाते. पहिल्याच श्रावणात खिडक्यांच्या कडा पाझरू लागल्या. उन्हाळ्यात तापलेल्या कवचाला केसासारख्या भेगा पडत, आणि दर दोन वर्षांनी वैशाखात त्यावर जलरोधक लेप द्यावा लागे. तो द्यायला उतारावर माणूस उभा राहत नाही. दोर बांधून उतरणारा गवंडी शोधावा लागतो. आश्विनापर्यंत घर हिरवे झालेले असे. दुरून ते फार सुंदर दिसे.

आतही असेच. भिंत कमरेपासूनच आत कलू लागते. ५३० चौरस फुटांपैकी सुमारे ९५ चौरस फूट जागेत साडेपाच फुटी माणूस ताठ उभा राहू शकत नाही. आमची पुस्तकांची कपाटे सरळ पाठीची. ती भिंतीला टेकत नव्हती, म्हणून खोलीच्या मधोमध आली, आणि त्यांच्या मागे एक पाचरीसारखी अंधारी जागा तयार झाली. तिथे काय काय जाऊन पडले हे आम्ही अजून शोधत आहोत. वडिलांचा फोटो भिंतीवर लावला तर तो भिंतीपासून सुटून लोंबे. तेव्हा बाशलारचे पुस्तक पुन्हा काढले. त्यात कोपऱ्यांवर एक वेगळे प्रकरण आहे; माणूस कोपऱ्यात शिरून स्वतःला कसा सापडतो, याविषयी. ते आम्ही वर्गात शिकवले होते आणि घर बांधताना विसरलो होतो. आम्ही शेवटच्या प्रकरणात राहायला गेलो होतो.

शेवटी २०१२ साली, आमच्या विद्यार्थ्याची क्षमा मागून, दारापुढे सागाचे चार खांब रोवले आणि त्यावर पत्र्याची पडवी काढली. घुमटाची रेषा बिघडली. पण त्यानंतर आम्ही खरे म्हणजे त्या पडवीतच राहिलो. वाचन तिथे, जेवण तिथे, आलेगेले तिथे. फोटो काढणारे पाहुणे मात्र मागच्या बाजूला जात, जिथून पडवी दिसत नाही.

घुमटांच्या जगाच्या इतिहासात हे सगळे आधीच घडून गेलेले आहे, ते आम्हाला फार उशिरा कळले. बकमिन्स्टर फुलर यांनी त्रिकोणांच्या जाळीतून उभ्या राहणाऱ्या घुमटाचे अमेरिकी पेटंट १९५४ साली मिळवले. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनातला त्यांचा गोल जगभर गाजला. त्यांनी स्वतःसाठी १९६० साली इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावी एक घुमट-घर एका दिवसात उभे करवले आणि तिथे ते पत्नीसह काही वर्षे राहिले. ते गेल्यावर ते घर पुष्कळ काळ विद्यार्थ्यांना भाड्याने दिले जाई, आणि त्याची दुर्दशा झाली. पुढे काही हितचिंतकांनी संस्था काढून ते वाचवले. २००६ साली त्याची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झाली. घुमटाच्या प्रणेत्याच्या घराला राहणारे कुटुंब टिकले नाही, स्मारकपण मिळाले. आपल्याकडे अहमदाबादेत गौतम आणि गिरा साराभाई यांनी साठच्या दशकाच्या आरंभी फुलरच्या प्रेरणेने कॅलिको घुमट उभारला. ते गिरणीच्या कापडाचे दुकान होते. गिरणी बंद पडली, त्या आकाराला दुसरा उपयोग सापडेना, आणि २००१ च्या भूकंपापर्यंत त्याची रया गेलेली होती.

सर्वांत बोलकी गोष्ट लॉइड कान यांची. अमेरिकेतल्या तरुणांना घुमट बांधायला शिकवणारी त्यांची पुस्तके १९७० आणि १९७१ साली निघाली आणि हातोहात खपली. स्वतः बांधलेल्या घुमटात राहून पाहिल्यावर त्यांचे मत पालटले. सांधे गळतात, आयताकृती फळ्या कापताना पुष्कळ लाकूड वाया जाते, आत आडभिंत घालता येत नाही, कुटुंब वाढले तर खोली जोडता येत नाही. त्यांनी आपल्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या थांबवल्या आणि १९७३ साली 'शेल्टर' नावाचे पुस्तक काढून जगभरच्या साध्या, पारंपरिक घरांकडे मोर्चा वळवला. खपणारे पुस्तक चूक म्हणून मागे घेणारा लेखक आम्हाला तरी दुसरा आठवत नाही.

आता विक्रीचे कारण. चार वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाला कंपवाताने गाठले. या आजारात चालताना हाताला आधार लागतो, आणि हात सवयीने भिंतीकडे जातो. आमची भिंत हाताशी यायच्या आत डोक्याला लागते. कठडा बसवू म्हटले तर वक्र पृष्ठभागावर तो कोणी बसवून देईना. डॉक्टर डोंबिवलीत, औषधोपचार डोंबिवलीत. लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्या घ्यायच्या तर हे घर विकणे भाग होते.

मग आम्हाला बाजाराची भाषा शिकावी लागली. पहिल्यांदा एक गिऱ्हाईक कर्ज काढून घ्यायला तयार झाले, तेव्हा बँकेचा मूल्यांकनकार आला. सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सांगितले की घराची किंमत ठरते ती आसपास तशाच घरांचे जे व्यवहार झाले असतील त्यांच्या तुलनेने. तुमच्यासारखे घर आसपास नाही, म्हणून व्यवहार नाही, म्हणून किंमत नाही. अमेरिकेतही गृहकर्जाच्या नियमांत घुमटांचा उल्लेख आहे. तिथेही बाजार अशी घरे स्वीकारतो याचा पुरावा मागतात. एकमेवाद्वितीय असणे हा वाङ्मयात गुण आहे. मूल्यांकनाच्या कागदावर तो रकाना रिकामा राहतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या दरतक्त्यात बांधकामांचे आरसीसी, इतर पक्के, अर्धे पक्के, कच्चे असे वर्ग असतात. आमचे कवच यांपैकी कशात बसवावे, यावर दोन लिपिकांत आमच्यादेखत चर्चा झाली.

जमिनीची किंमत मात्र चढतच होती. द्रुतगती मार्गाने खालापूर पूर्वीच मुंबई-पुण्याच्या मध्यावर आणून ठेवले होते. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे बिगरशेती झालेल्या तुकड्याला मागणी अधिक, आणि आमचा तुकडा बिगरशेती होता. असा विचित्र हिशेब तयार झाला: जमीन रिकामी असती तर तिला जो भाव आला असता, त्यातून घुमट पाडण्याचा खर्च वजा. आमचे घर आमच्याच जमिनीच्या किमतीतली वजाबाकी होऊन बसले होते.

गेल्या पावसाळ्याअखेर दोन प्रस्ताव उरले. एक तरुण उद्योजक घर भाड्याने मागत होता. त्याला ते शनिवार-रविवारच्या पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने द्यायचे होते. कर्जत परिसरात असा धंदा आता जोरात आहे. त्याला घुमटच हवा होता. दोन रात्री राहणाऱ्याला कपाट लागत नाही, आडभिंत लागत नाही, आषाढातला पाझरही त्याला निसर्ग वाटतो. त्याचे बोलणे ऐकताना आम्हाला प्रथमच उमगले की घुमटाचे आकर्षण आणि त्याची न विकली जाण्याची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जे एका दृष्टीत संपूर्ण दिसते, त्यात दुसऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. ते पाहून घ्यायचे आणि निघायचे. भाड्याने आमचे भागणार नव्हते. एकरकमी पैसा हवा होता. दुसरा प्रस्ताव एकरकमी होता, जमिनीच्या भावाचा. घर पाडण्याचे काम घेणाराच करणार होता.

हे आम्ही पडवीत बसून बोलत असताना आमच्या घराची राखण करणारी बाई तिथेच तांदूळ निवडत होती. ती जवळच्या ठाकरवाडीतली; तिच्या लहानपणी तिच्या घराला कारवीच्या कुडाच्या भिंती होत्या, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर कौले. पुढे मुलाने विटांचे घर बांधले. ती म्हणाली, "आमचं जुनं घर मोडलं तेव्हा आढं नव्या घराला घातलं, वासे भावाने नेले, कौलं गोठ्यावर चढवली. बाई, तुमचं घर मोडल्यावर कोणाला काय लागंल?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही वर्षभर पुनर्विक्री हा शब्द वापरत होतो. तिच्याकडे तो शब्द नव्हता, आणि तिचे घर मात्र तीन ठिकाणी पुन्हा वापरात होते. आमच्या कवचाचा एकही तुकडा कशाच्या कामी येणार नव्हता; ते असेल तर सगळे, नसेल तर राडारोडा.

चाळीस वर्षे आम्ही वर्गात सांगत आलो की चांगल्या कलाकृतीतला एकही शब्द हलवता येत नाही. ते खोटे होते असे आजही म्हणणार नाही. पण ज्या ग्रंथांजवळ माणसे पिढ्यान्‌पिढ्या जाऊन राहिली, ते असे बंद होते का? ज्ञानेश्वरांनी गीतेला पडवी काढली. ज्ञानेश्वरीच्याही पाठांतर पुढे लोकांनी इतके फेरफार केले की एकनाथांना तो शुद्ध करावा लागला. कीर्तनकार आजही एका अभंगावर दोन तास उभे राहतात, कारण अभंगाला वळचण आहे. बाहेरचा माणूस तिथे येऊन थांबू शकतो, आपले सरपण ठेवू शकतो. आम्ही विद्यार्थ्यांना घुमटाखाली उभे करून मान वर करायला शिकवले. इथे तुमचे कपाट कोठे ठेवाल, हे विचारायचे राहून गेले. त्या ठाण्याच्या बाईंनी तो प्रश्न विचारला तेव्हा आम्ही मनातून त्यांना थोडे हसलो होतो, याचे आता वाईट वाटते.

असो. विसार घेतला आहे. खरेदीखत पुढच्या महिन्यात होईल. पुस्तके बांधायला घेतली आहेत, आणि कपाटांमागच्या पाचरीतून पंधरा वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा निघाला. घेणाऱ्यांकडे आम्ही एकच सवलत मागितली आणि त्यांनी ती दिली. पडवीचे चार खांब, पत्रे आणि पुढचे सागवानी दार आम्ही काढून न्यायचे.

ते सामान राखणदार बाईंना हवे का, म्हणून विचारले. पत्रे मुलाच्या गोठ्याला आणि खांब पुढच्या मांडवाला, असे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकले. दारापाशी येऊन तिने चौकटीवरून हात फिरवला, एक डोळा मिटून तिची उभी कड पाहिली आणि म्हणाली, "हे घेते. हे सरळ आहे."